रोवण्यात बाहेर बसणं

रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, वाकून वाकून कंबर मोडते, पण तोंड मोकळंच असतं. म्हणून आम्हा मुर्री गावच्या रोवणाऱ्या बायांपाशी किस्से साचत गेले. स्वातंत्र्य नवंनवं होतं, तेव्हाचे हे.

आमच्यात सगुणा होती. तिला सहावा महिना. आधीची दोन लेकरं असंच रोवण्याच्या चिखलात, दिवस भरायच्या आत गेली होती. हे तिसरं टिकावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

सरकारी नर्सबाई सायकल शेताच्या बांधाला, धुऱ्याला टेकवून म्हणाली, "हिला पोटभर खाऊ घाला."

सगुणाची सासू भागाबाई म्हणाली, "कायले? पोर मोठं झालं तं निघन कसं?"

"तुमचा लेक तर चांगला धिप्पाड आहे. तो कसा निघाला?"

"मी सासूले चोरून खाल्ली होती ना व!"

*

नर्सबाईनं सगुणाला टॉनिकची बाटली दिली. पण घरात बायांनी जेवायचं माणसांच्या मागून. मग बाटलीही आधी नवऱ्याच्या ताटापाशी गेली आणि सगुणापर्यंत रिकामी आली.

नर्सबाई सगुणाच्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, टॉनिक तुम्ही घेतलं. आता बाळंतपणही तुम्हीच करा."

*

पाळी आलेली बाई बांधीत, भाताच्या शेतात उतरत नसे, चुलीला शिवत नसे. बाहेर बसायची. काशी नावाची पोर पहिल्यांदा बाहेर बसली. आम्ही चिखलात, ती मोहाच्या सावलीत. संध्याकाळी मला विचारते कशी, "काकी, हे रोज नाही येत का व?"

*

सगुणाला तेवढीही सुटका नव्हती. पोटुशी बाई बाहेर कशी बसणार? एक दिवस बांधीतच तिला कळ आली. पोट धरून धुऱ्यावर बसली. भागाबाई हातात पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची जुडी धरून तिच्याकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई ओट्यावर वेगळी बसली. "मी बाहेर झाली. सगुणा घरी राहीन, चुलीपाशी."

लेक म्हणाला, "माय, तुह्यं तं कईचंच बंद झालं ना?"

"तू मोजून राहिला होता काय रे?"

"मंग रोवणा कोण करन?"

"देवानं हात तुलेबी देले हायेत."

भागाबाईचे ते चार दिवस रोवणा संपेपर्यंत चालले. त्या साली आमच्या बायांच्या ओळीत एक मिशीवाला होता, आणि दिवाळीला सगुणाच्या मांडीवर भरल्या दिवसांची पोरगी.