जखमेआधी लिहिलेला अर्ज

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्यांच्या रांगेत पहिले टेबल माझे आहे. शिक्षण नववीत थांबले. तथापि माझा मसुदा हाती आल्यावर ठाणे अंमलदार दुसरा प्रश्न विचारत नाही, असा माझा लौकिक आहे. त्या लौकिकामुळेच ती माणसे माझ्याकडे आली.

आमच्या भागात इमारत उभी करायची, तर रेती आणि विटा कोणाच्या घ्यायच्या हे त्या गावची टोळी ठरवते. कळंबोलीच्या एका डंपरमालकाने बाहेरची रेती आणून टाकली, म्हणून अशाच एका टोळीने त्या दिवशी सकाळी त्याचे दोन्ही पाय पहारीने फोडले होते. तो इस्पितळातून जबाब देणार, त्याआधी टोळीला उलट तक्रार हवी होती. दोन्हीकडून गुन्हे नोंदवायचे आणि मग तडजोड करायची, ही इकडची रीत.

टोळीच्या म्होरक्याला सारे भाऊ म्हणत. तक्रारदार म्हणून त्यांनी आपलाच तरुण ड्रायव्हर पुढे केला. मी लिहिले : 'सदर इसमाने धारदार हत्याराने माझ्या उजव्या मनगटावर वार केला.' ड्रायव्हरने सही केली. वर्णन पुरे करण्यासाठी मी जखम पाहायला मागितली. त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ तेवढा होता.

मी सुचवले की मुका मार लिहू. त्याला रक्त दाखवावे लागत नाही.

"मुक्या मारात तो डंपरवाला लगेच सुटंल, मास्तर," भाऊ शांतपणे म्हणाले. "रगत पायजे."

दोघांनी ड्रायव्हरचा हात जीपच्या बॉनेटवर दाबून धरला. तिसऱ्याने कटर काढला.

"भाऊ, डावा घ्या. उजव्यावर पोट हाय माजं."

"उजवा लिवलाय ना."

दुसऱ्या कागदावर डावा लिहून देतो, असे म्हणत मी पुढे झालो. कोणीतरी माझ्या तोंडावर उलटा हात मारला. चष्मा फुटला, दात हलला. तेवढ्यात पाते खोल गेले. तो ओरडला नाही, गुरासारखा घुसमटला. रक्त बॉनेटवरून टायरवर उतरले आणि त्याची दोन बोटे धागा तुटल्यासारखी लोंबकळली. माझ्या हातातला कागद ओढून घेऊन त्यांनी त्याला ठाण्यात नेले. पाय प्लास्टरमध्ये असतानाच डंपरमालकाला अटक झाली.

पुढे बऱ्याच दिवसांनी ड्रायव्हर एकटाच आला. बोटे आत वळून गेली होती. तुटक्या हाताचा काय उपयोग, असे म्हणून भाऊंनी त्याला गाडीवरून उतरवले होते.

"तो मानूस माज्यामुलं आत हाय," तो म्हणाला. "खरं काय झालं ते लिवा."

पहिली तक्रार खोटी म्हटल्यास त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल, आणि भाऊ तर जिवंत सोडणार नाहीत, हे मी त्याला समजावले. तरीही त्याने तिघांची नावे सांगितली. मी लिहिले, वाचून दाखवले. उजव्या हातात पेन धरवेना, म्हणून डावा अंगठा घेतला.

"सायबांनी इचारलं तं तुमी सांगाल? तुमी बघलाव."

अर्जाखाली लिहिणाऱ्याची सही मी नेहमी त्रोटक करतो. त्या दिवशी संपूर्ण नाव आणि राहण्याचा पत्ता लिहिला. त्याखाली लिहिले, 'ही घटना माझ्या डोळ्यांसमोर घडली.'

रस्त्यापलीकडे भाऊंची जीप उभी होती. मी टेबलाला कुलूप लावले. त्याचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही जीपसमोरूनच ठाण्याकडे निघालो.