किन्हीराजाच्या अंगणात सुनंदाताई

सुनंदाताई तायडे यांची आणि माझी ओळख झाली तीच मुळी माझ्या रागानं फुगलेल्या नाकासकट. नवी पदवी घेऊन मी मालेगावच्या श्रवण-वाणी केंद्रात रुजू झाले, आणि पहिल्याच तासाला, मी एका मुलाला शिकवत असताना, तिथल्या ज्येष्ठ शिक्षिका असलेल्या ताईंनी माझ्या हातात पुठ्ठा दिला. "तोंडापुढं धर बाई. पोरगं तुह्ये ओठ वाचून राह्यलं, ऐकून नाही राह्यलं." मला राग आला, ताईंचं मात्र बरोबर होतं.

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवलं की मूल लगेच बोलू लागेल, असं पुष्कळांना वाटतं. कानात आवाज पोचतो, पण तो भांड्याचा की आईचा, हे मेंदूला रोज शिकवावं लागतं. ताईंनी साठीपर्यंत हेच काम केलं.

किन्हीराजा गावची, इम्प्लांट बसवलेली चार वर्षांची प्रज्ञा कित्येक महिने केंद्रात येत होती, पण हाकेला दाद देत नव्हती. "हिला ऐकून बोलणं जमणार नाही," असा शेरा मी फायलीत लिहून मोकळी झाले. ताईंनी तो वाचला, आणि प्रज्ञाच्या घरी न कळवता मला बसनं किन्हीराजाला नेलं.

प्रज्ञा अंगणात खेळत होती. इम्प्लांटला आवाज पोचवणारं कानामागचं मशीन लावलेलंच नव्हतं! तिच्या आईनं, संगीताबाईंनी, ते लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलं होतं. "महागाची वस्तू हाये मॅडम. खेळता खेळता फुटली त मंग? तुमच्याकडं यायचं असलं का घालतो आमी."

म्हणजे पोरगी आठवड्यातून तासभर ऐकत होती, आणि मी दोष तिला दिला होता. तरी मी संगीताबाईंवरच भडकणार होते. ताईंनी माझा हात दाबला. सुईदोरा मागून त्यांनी मशीनला दोरी बांधून ती फ्रॉकला टाचून दिली. "आता पडत नाही. पोरगी उठली का पहिले कान, मंग चहा. अन् काम करता करता तिच्याशी बोलत राह्य, पाठीमागून."

पुढे ताई दर गुरुवारी तिथे जात राहिल्या. एकदा मीही सोबत होते, तेव्हा प्रज्ञा पाठमोरी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. संगीताबाईंनी चुलीपासून हाक मारली, "प्रज्ञा!"

पोरगी वळली. "काय वं माय?"

संगीताबाई तव्यावरची भाकरी विसरल्या. मी तर रडलेच.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. माझ्यासारख्या घाईच्या माणसांनी 'जमणार नाही' म्हटलेली पोरं अजून पुष्कळ गावांत आहेत. त्यांच्या आयांनाही संगीताबाईंसारखी चुलीपासून हाक मारायची आहे, आणि पोर वळलेलं पाहायचं आहे.