कच्च्या वहीतलं फाडलेलं पान

ही हकिगत मी पन्नास वर्षं टाळत आलो. बायकोलाही कधी सांगितली नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या हकिगतीत भूत नाहीच मुळी. पण जे घडलं ते सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागतं... म्हणून तोंड बंद ठेवलं. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. ज्यांना सांगायला हवं होतं ते राहिले नाहीत, म्हणून निदान तुम्हाला सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. श्रीगोंद्यापासून एसटीने तासाभराच्या एका गावात मी टेलिफोन ऑपरेटर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन खोल्या, तारा जोडायचा एक बोर्ड, आणि बाहेरगावी बोलायला नगरला जाणारी एकच तार. पुण्या-मुंबईचे कॉल त्याच तारेवरून नगरमार्गे लागायचे. लोक सकाळी बुकिंग करायचे आणि बाहेरच्या बाकावर वाट बघत बसायचे.

आमच्यात एक पद्धत होती. बुकिंग आधी कच्च्या वहीत लिहायचं. किती वाजता प्रयत्न केला, लाईन मिळाली की नाही, तेही त्यातच. कॉल लागला की मग पक्क्या रजिस्टरमध्ये उतरवायचा. म्हणजे जो लागलाच नाही, त्याचा पुरावा फक्त कच्च्या वहीत.

त्या मंगळवारी सकाळी नऊला किसनबाबा आले. डोक्याला मुंडासं, पायात धूळ. आयुष्यात पहिल्यांदा फोन करत होते. मुलगा दत्तू पुण्यात एका वर्कशॉपमध्ये होता, त्याला पीपी कॉल हवा होता. पीपी म्हणजे नाव सांगून त्याच माणसाला फोनवर बोलावून घ्यायचं.

"काय बोलायचंय ते आधी ठरवून ठेवा, बाबा. तीन मिनिटांत लाईन तुटते," मी म्हणालो.

"ठरवून काय... लई थोडं हाय."

तेव्हापासून ते बाकावर बसून पुटपुटत होते. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू यायचं. "दत्तू, हिरीला पानी लागलं. आंब्याखाली न्हाई, तू म्हनला हुतास तिथंच, बोरीपाशी. म्या चुकलो. घरी ये." इतकंच. पुन्हा पहिल्यापासून. 'म्या चुकलो' आलं की आवाज खाली जायचा.

मध्येच पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. विहीर कुठं खणायची यावरून बापलेकाचं वाजलं होतं. यांनी त्याला चार माणसांत वेडा म्हटलं, आणि तो गेला. तीन वर्षं पत्र नाही. "आता पान्याचा हंडा पाह्यला की त्येचंच त्वांड दिसतंय," असं म्हणून हसले.

लाईन सकाळपासून मेलेली होती. नगर बोलतच नव्हतं. दुपारी चारपर्यंत कच्च्या वहीत अकरा बुकिंगं साचली. शेवटी किसनबाबा जरा भाकर खाऊन येतो म्हणून लिंबाखाली गेले. तेवढ्यात आमचा शिपाई पळत आला. "साहेबांची जीप स्टँडवर चहाला थांबलीय. तपासणीला येतायत."

तुंबलेले कॉल दिसले की साहेब मेमो द्यायचे. मला आधीच एक मिळालेला होता आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी ते पान फाडलं, घडी केली, खिशात घातलं. बाकीचे दहा व्यापारी, कंटाळून केव्हाच दुकानी परतलेले; उद्या पुन्हा बुकिंग करतील, असा विचार केला. अकरावे किसनबाबा. त्यांचा विचारच केला नाही.

साहेब वही चाळत असतानाच ते दारात आले. "सायब, माजा पुन्याचा नंबर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "यांचं बुकिंग नाही."

"आसं कसं? सकाळी तुमीच लिवलं न्हवं का?"

"बघा, वहीत आहे का. बाबा, तुम्हाला आठवत नसेल."

"उन्हात झोप लागली असेल," साहेब म्हणाले. "स्वप्नात केलंत बुकिंग." बाहेरचे दोघं-तिघं हसले.

किसनबाबा माझ्याकडे बघत राहिले. "आसंल," एवढंच बोलले, आणि एसटी स्टँडकडे निघाले.

संध्याकाळी साहेबांनी स्वतः नगरला बोलायचा प्रयत्न केला. लाईन बंदच. ओढ्यापलीकडे तार तुटली होती, लाईनमनने दुसऱ्या दिवशी दुपारी जोडली. पान मी घरी चुलीत घातलं.

पुढच्या मंगळवारी किसनबाबा एका तरुणाला घेऊन आले. दत्तू.

"सायब, ह्येला सांगा. म्या फोन क्येलाच न्हाई."

दत्तू हसला. "बाबा, आता कशाला लपवता? मी काय गावभर सांगणार आहे का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गेल्या मंगळवारी पाचला वर्कशॉपात फोन आला. आधी तुम्हीच होता ना? 'पुणे, थांबा, तुमची पार्टी देतो' म्हणालात. हाच आवाज. मग बाबा. हिरीला पाणी लागलं, आंब्याखाली नाही, बोरीपाशी, म्या चुकलो, घरी ये."

शब्द न् शब्द तोच. 'म्या चुकलो' म्हणताना दत्तूचाही आवाज खाली गेला.

"पाचला म्या एष्टीत हुतो," किसनबाबा म्हणाले. "खरं सांगा सायब. म्या सकाळी बुकिंग क्येलं हुतं, पर फोन लागला न्हाई. आसंच झालं ना?"

दोघंही खरं बोलत होते, आणि ते फक्त मला माहीत होतं. बुकिंग होतं, मी फाडलं, एवढं सांगितलं असतं तरी म्हातारा खोटा ठरला नसता. मी रजिस्टर उघडलं, उगाच पानं उलटली आणि म्हणालो, "नोंद नाही. ना बुकिंगची, ना कॉलची."

"बघा," दत्तू मायेने म्हणाला. "चूक कबूल केली, त्यात लाज कसली? चला घरी."

किसनबाबांनी मान खाली घातली. मुलगा परत आला होता, आणि त्याच्यापुढेही ते खोटेच ठरले होते.

नगरच्या ऑपरेटरला मी नंतर विचारलं. त्याच्याकडेही त्या दिवशी आमच्या गावचा एकही कॉल नव्हता. दुसऱ्या कुणी फोन केला म्हणावं, तर ते शब्द बाकावरच्या म्हाताऱ्याला आणि खिडकीआडच्या मलाच माहीत होते. माझा आवाज त्या तारेवर कसा गेला... मी खूप विचार केला. उत्तर नाही.

पुढे नऊ वर्षं मी त्याच गावात होतो. किसनबाबा पुन्हा फोन करायला कधी आले नाहीत. पण बाजारात दिसले की स्वतःहून थांबायचे. "रामराम सायब. पानी हाय बरं का अजून हिरीला." दर वेळी मी ठरवायचो, आज बोलायचं. आणि दर वेळी म्हणायचो, "रामराम बाबा. बरं आहे ना?"

त्यांनी दिवसभर बाकावर बसून जे दोन शब्द घोटले, तेच मला म्हणायचे होते. किसनबाबा, तुमचं बुकिंग होतं. अकरावं. पान मी फाडलं. मी चुकलो.