ओरत्तनाडूतली कॉफी

मी मुळात भित्रा. एकोणिसाव्या वर्षी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होऊन तंजावूरला गेलो, तेव्हा हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सोलापूरहून निघताना वडील म्हणाले होते की दोन महिन्यांत परत येशील. आईच्या मागोमाग मी या पंथात गेलो हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. काहीही झालं तरी मधेच घरी पाठवलं जायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

नियम मात्र भरपूर होते. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाचा काळा बिल्ला. चहा-कॉफी वर्ज्य. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर एकट्याने कुठेही जायचं नाही. दोघांत मिळून फोन एक आणि खोलीची किल्ली एक, आणि दोन्ही माझ्या जोडीदाराच्या खिशात. तो आंध्रच्या किनाऱ्यावरचा, माझ्याहून वर्षाने मोठा. त्याला तमिळ छान यायचं. मला भात आणखी वाढा म्हणण्यापुरतं.

आदल्या आठवड्यात चार-पाच जणांनी आम्हाला चौकात अडवलं होतं. लोकांचा धर्म बदलायला आलात का, असं दरडावून विचारलं, बिल्ल्यांचे फोटो काढले. जोडीदाराने शांतपणे उत्तरं दिली. मी त्याच्या पाठीमागे उभा होतो. तेव्हापासून शेजारी नुसती मोटरसायकल थांबली तरी मी जोडीदाराच्या पलीकडे सरकायचो.

त्या दिवशी दुपारी आम्ही शहराच्या कडेला राहणाऱ्या पंथाच्या एका आजारी सभासदाला भेटायला निघालो होतो. बस खच्चून भरलेली. तो पुढच्या दाराशी, मी मागे. एका थांब्यावर उतरणाऱ्यांना वाट द्यायला तो खाली उतरला आणि बस त्याला तिथेच सोडून निघाली. मला पत्ताच नाही. गर्दी पांगली तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची शेतं दिसत होती आणि पुढे तो नव्हता.

शहाण्या माणसाने पुढच्या थांब्यावर उतरून वाट पाहिली असती. मी उतरलो नाही. अनोळखी गावात टाय लावून एकटं उभं राहायची माझी छातीच झाली नाही. उलट बिल्ला काढून खिशात टाकला, टाय सोडली आणि बस नेईल तिथे जात राहिलो. ती ओरत्तनाडूला थांबली.

स्टँडवर उतरलो. आमच्या फोनचा नंबर आठवेना. हे वरपर्यंत कळणार, जोडीदाराला सोडून गेला म्हणून मला घरी पाठवणार आणि वडील दारातच उभे असणार, हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. आता काय करू, असं मी मोठ्याने म्हणालो असेन. कारण शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी वळून मराठीत विचारलं, “कोठून आलास रे बाळा?”

त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे खात होतं, पण होतं मराठीच. निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं घराणं तंजावूरच्या मराठी राजांच्या काळापासून इथलंच. मला रडूच आलं. घर समोरच होतं. मला त्यांनी ओट्यावर बसवलं आणि कोणाला फोन करायचा आहे का, असं विचारलं. ओट्यावरून आत देवघर दिसत होतं. खरं सांगितलं तर या हाका मारून अख्खा स्टँड गोळा करतील, असं माझ्या मनाने घेतलं. मी म्हणालो की तंजावूरला कॉलेजात शिकतो आणि मित्र मागच्या बसने येतोय. मग त्यांनी वाफाळती कॉफी आणली. नाही म्हणालो तर का ते विचारतील आणि मग सगळंच बाहेर येईल, या भीतीने मी ती प्यायलो. चव कळली नाही, जीभ मात्र भाजली.

दीड तासाने जोडीदार स्टँडवर उतरला आणि मला ओट्यावर पाहून घामाने निथळत आला. प्रत्येक थांब्यावर उतरून तो लोकांना स्वतःचा बिल्ला दाखवत होता, असाच बिल्ला लावलेला मुलगा पाहिला का म्हणून. सगळे नाही म्हणत होते. साहजिकच होतं.

बाईंनी त्याच्यापुढेही कॉफी धरली. त्याने हात जोडून तमिळमध्ये सांगितलं की आम्ही अमुक पंथाचे, कॉफी पीत नाही, राग मानू नका. त्या बरं म्हणाल्या आणि आतून त्याच्यासाठी ताक घेऊन आल्या. इतकंच. मग माझ्याकडे वळल्या.

“तुला अजून थोडी कॉफी देऊं?”

जोडीदाराला मराठी येत नव्हतं, पण कॉफीला सगळीकडे कॉफीच म्हणतात. त्याने माझ्या हातातला टंबलर पाहिला, मग बिल्ला नसलेला माझा शर्ट. मराठीत आणखी एखादी थाप मारून मला सुटता आलं असतं, त्याला कळलंही नसतं. पण मला सारखं दिसत होतं की हा प्रत्येक थांब्यावर छातीवर बोट ठेवून मला शोधत आलाय.

“नको काकू,” मी म्हणालो. “मीही त्याच्याच पंथाचा. आम्ही कॉफी पीत नाही.”

त्यांनी टंबलरमध्ये वाकून पाहिलं. तो रिकामा होता.

“मग पहिलेच कां नाही सांगितलास?”

“भ्यालो.”

“कोणाला?”

माझी नजर आत देवघराकडे गेली. त्यांनी ते पाहिलं.

“मला?” त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा पार उतरला. माझ्या हातातून टंबलर घेऊन त्या आत गेल्या आणि आमची बस येईपर्यंत पुन्हा ओट्यावर आल्या नाहीत.