अकरा मुलींनी केलेली माझी बदनामी

“सिस्टर, तुम्ही मुलींना पक्कड फेकून मारता का?”

मदर प्रोव्हिन्शिअलनी हा प्रश्न चहात बिस्कीट बुडवता बुडवता विचारला. मी नाही म्हटलं. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि म्हणाल्या, “दोन मुलींनी सांगितलंय.”

दोघींवर हे थांबलं नव्हतं. मी प्रार्थनेच्या वेळी झोपते. मी मुलींच्या वाटचे बोंबील खाते. मला वायरिंगमधलं काही कळत नाही, दर आठवड्याला मलाच शॉक बसतो आणि मुली मला ओढून बाजूला करतात. शिवाय मी मदर प्रोव्हिन्शिअलची नक्कल करून दाखवते. यातली झोपेची आणि नकलेची तक्रार खरी होती, त्यामुळे चेहरा नेमका कसा ठेवावा ते मला कळेना.

आधी माझी ओळख करून देते. बोईसरजवळ, सरावलीच्या बाजूला, आमच्या संस्थेचं मुलींचं एक केंद्र आहे. वर होस्टेल, खाली वर्कशॉप. मी नन आहे आणि तिथे वायरमनचा कोर्स शिकवायचे. लोकांना यातली एकच गोष्ट पचते. एखाद्या कारखान्यात फोन करून मी सिस्टर बोलतेय असं म्हटलं, की मला हमखास फर्स्ट-एड रूमला जोडून देतात.

आमच्या संस्थेचं काम म्हणजे तरुण मुली. त्यांना नुसतं शिकवायचं नाही, त्यांच्यात राहायचं. त्या जेवतात तिथे जेवायचं, खेळतात तिथे खेळायचं. माझे गुडघे कुरकुरतात, पण संध्याकाळी लंगडी चुकत नाही. त्या वर्षीच्या बॅचला अकरा मुली होत्या. बहुतेक पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरच्या, दोघी सफाळ्याच्या आणि एक इकडच्या किनाऱ्यावरच्या माहीमची. या माहीमच्या प्रणालीच्या घरी नारळ-केळीची वाडी आहे, आणि तिच्या तोंडाला कुंपण नाही.

मदर प्रोव्हिन्शिअल म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, कंपनीच्या भाषेत झोनल हेड. वर्षातून एकदा त्या येतात, तीन दिवस राहतात, स्वयंपाकघरापासून चॅपलपर्यंत सगळं बघतात. प्रत्येक सिस्टरशी एकटीला बसवून बोलतात आणि आमच्या या मदर मुलींशीही तसंच बोलतात. याला व्हिजिटेशन म्हणतात. ते मार्चमध्ये होतं आणि मे महिन्यात बदलीची पत्रं निघतात. साधारण सहा वर्षांनी पत्र येतं. मला सातवं चालू होतं.

पत्र आलं की बॅग भरायची. आम्ही तीन व्रतं घेतो, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिली दोन लोकांना कठीण वाटतात. खरी कसोटी तिसऱ्याची. का, कुठे, आणखी दोन महिने मिळतील का, असं आमच्यात विचारत नाहीत. म्हणजे विचारू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण बावीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं आणि त्याचा मला छानपैकी गर्व होता.

या खेपेला मात्र मला ते पत्र नको होतं. मुलींची प्रॅक्टिकल जुलैत होती. कंट्रोल पॅनेल बनवणारा एक कारखाना पास होणाऱ्या मुलींना अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार झाला होता. कंट्रोल पॅनेल म्हणजे मशीन चालू-बंद करणाऱ्या स्विचांचं मोठं लोखंडी कपाट, त्याच्या पोटात वायरींचं जंगल असतं. ते वायरिंग पाड्यावरून आलेल्या सुगंधाच्या हाताला असं बसलं होतं की मी नुसती बघत राहायचे. पण तिला होस्टेलला सोडायला आला तेव्हा तिचा बाप मला म्हणाला होता, “तुमी हाव ना हितं, मंग ठेवतो.” माझी मेमध्ये बदली झाली तर सुगंधा घरी जाणार, आणि पावसाळा संपला की आईबापांबरोबर वीटभट्टीवर. हे मला ठाऊक होतं, सुगंधाला ठाऊक होतं आणि मदरना मी सांगितलं नव्हतं.

मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले. अकराच्या अकरा माना बोर्डांवर खाली गेल्या. एरवी त्या खोलीत आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी स्क्रू फिरल्याचा आवाज ऐकू येत होता. प्रणालीच्या टेबलावर एक जॉब कार्ड पडलं होतं. कोणी कोणतं काम करायचं ते लिहायला मीच हे कार्ड शिकवलं होतं. यावर कामं जरा वेगळी होती. रेखाच्या नावापुढे बोंबील, सविताच्या नावापुढे झोप, सुगंधाच्या नावापुढे पक्कड. मंदा ऐन वेळी आपली तक्रार विसरली आणि तिनेही पक्कडच सांगून टाकली, म्हणून दोन साक्षीदार झाले.

मी सुगंधालाच बाहेर बोलावलं. ती हळू आवाजात म्हणाली, “पक्कड खोटी हाय. तुमी टेस्टर फेकलेला, त्यो बी टेबलावर.”

मग सगळं बाहेर आलं. होस्टेलच्या सिस्टर मध्येच बदलून गेल्या तेव्हा मुली रडत होत्या आणि मी त्यांना हसवायला म्हटलं होतं की आमच्यात चांगलं काम केलं की बदली होते, बिनकामाच्या सिस्टरला कोणी मागत नाही. मी बोलून विसरले. मुलींनी ते मनावर घेतलं. बिनकामाची ठरवली की सिस्टर राहील, आणि सिस्टर राहिली की सुगंधा राहील, असा सरळ हिशेब होता. प्रणालीने कामं वाटून दिली.

मला राग आला. शनिवारच्या शनिवारी मी यांचा खरेपणावर तास घेते, आणि यांनी माझ्याच कार्डावर खोटी साक्ष लिहून काढली. मी म्हटलं, हे असलं करण्यापेक्षा मदरना सरळ का नाही सांगितलंत, सिस्टरला जुलैपर्यंत राहू द्या म्हणून?

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. “तुमी सांगितलं का?”

“आमच्यात मागत नाहीत, सुगंधा.”

“मंग आमाला कशाला शिकवता मागायला?”

हे खरंच होतं. कारखान्यात इंटरव्ह्यूला गेलात की काय काय विचारायचं, याची मी त्यांच्याकडून महिनाभर तालीम करून घेत होते. शिफ्ट किती वाजता सुटते, बस कुठपर्यंत सोडते, मुलींचं टॉयलेट कुठे आहे. जी लाजेल तिला मी परत दाराबाहेर पाठवायचे आणि पुन्हा आत यायला लावायचे. मी तिला बोर्ड पूर्ण करायला सांगितलं आणि निघाले. लाज वाटली, ती रागापेक्षा जास्त होती.

दुपारी मी मदरच्या दारावर टकटक केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मागायचं म्हटल्यावर माझी अवस्था इंटरव्ह्यूला निघालेल्या मुलीसारखीच झाली होती.

मी म्हटलं, “मदर, माझी बदली जुलैनंतर करा. मुलींची प्रॅक्टिकल आहे. एका मुलीचं सगळं त्याच्यावर अडलंय.” आणि सुगंधाबद्दल सांगून टाकलं.

मदरनी चष्मा काढला. “मुलींच्या म्हणण्याप्रमाणे तर तुम्हाला कुठेच पाठवता येणार नाही. अकरा मुली, दहा तऱ्हेच्या तक्रारी, पण शेवटी प्रत्येकीचं वाक्य एकच. या सिस्टर फार वाईट आहेत, यांना दुसरीकडे नका पाठवू, तिथल्या मुलींचे हाल होतील.”

त्यांनी चष्मा पुसला.

“मी तीस वर्षं शाळेत होते, सिस्टर. इतक्या प्रेमाने कोणी कोणाची निंदा करत नाही.” मग त्या पुढे म्हणाल्या, “तुमचं नाव मी मेच्या यादीत घातलं होतं. इथे काही अडलंय का, हे मला आकाशवाणी होऊन कळणार होतं?”

मी म्हटलं, व्रत आहे ना.

“व्रत ऐकायचं घेतलंय. मुकं राहायचं नाही.”

जुलैअखेरपर्यंत मुदत मिळाली. दोन अटी होत्या. मुलींनी एकेकीने येऊन खोटं परत घ्यायचं. आणि मी जेवणानंतर सगळ्यांसमोर मदरची नक्कल करून दाखवायची. पहिली अट पंधरा मिनिटांत पुरी झाली. दुसरीला मुली पोट धरून हसल्या, मदर अजिबात हसल्या नाहीत, आणि चालण्याची ढब चुकली म्हणून त्यांनी मला ती पुन्हा करायला लावली.

जुलैत दहा मुली पास झाल्या. प्रणाली एका मार्कासाठी राहिली, तिने परीक्षकाशी वाद घातला होता. सुगंधा पहिली आली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुली कारखान्यात रुजू होणार होत्या आणि त्याच आठवड्यात मी निघणार होते. मला वाटत होतं, माझं काम झालं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सुगंधाचा बाप दारात उभा. शेतात भाताची आवणी नुकतीच संपली होती, पायाचा चिखल वाळला नव्हता. म्हणाला, “सिस्टर, तुमी जाता असं कळलं. पोरीला न्यायला आलो.”

तिला दोन महिने मिळवून दिले होते मी, कायमचे नव्हते. मी त्याला नव्या सिस्टरबद्दल, होस्टेलबद्दल, बसबद्दल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुगंधा मध्ये आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“बा, मला कंपनीत काम करायचं हाय. बस हितनंच जाते, हितंच सोडते. मी हितं ऱ्हाऊ का?”

बापाने डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली.

“ऱ्हा,” तो म्हणाला. “तुला ऱ्हायचं व्हतं तं आदी बोलायचं. मला वाटलं, सिस्टर चालल्या, आता तुला हितं कोण ठेवतं. म्हणून आलो.”

“मला वाटलं, तू नाय म्हणशील.”

“तू इचारलंसच कवा?”

म्हणजे ज्याच्या नकाराला घाबरून अकरा मुलींनी माझी अब्रू घालवली, मी महिनोन् महिने धास्ती घेऊन फिरले आणि मदरची यादी बदलली, त्या माणसाने नकार दिलेलाच नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. मी त्याला चहा दिला. त्याने दोन कप घेतले आणि मुलीने वायरिंग केलेला बोर्ड बघायला वर्कशॉपमध्ये गेला. बटण दाबलं, दिवा लागला, बंद केला, परत लावला. असं त्याने बऱ्याच वेळा केलं.

सुगंधा आता त्याच कारखान्यात कायम झाली आहे. प्रणाली पुढच्या वर्षी पास झाली, परीक्षक बदलला होता.

मी नव्या ठिकाणी पोचले त्या दिवशी संध्याकाळीच तिथल्या प्रमुख, म्हणजे सुपीरियर सिस्टरकडे गेले आणि दोन गोष्टी मागितल्या, वर्कशॉपसाठी एक लाकडी शिडी आणि आमटीत थोडं तिखट. शिडी लगेच मिळाली.