दुपारी बाराची नोंद

मनोहर दामले गेल्या महिन्यात, दुसऱ्या मंगळवारी सकाळी, अमेरिकेत रेडमंडला मुलीच्या घरी हृदयविकारानं गेले. वय एक्क्याऐंशी. नागपूरच्या वेधशाळेत ते निरीक्षक होते. पत्नी गेल्यावर इथं आले. मी निवृत्त बातमीदार, माझा मुलगा त्यांच्या शेजारी राहतो. पाऊस नसला की आम्ही फिरायला जायचो. पाऊस असला, म्हणजे जवळजवळ हिवाळाभर, की मी त्यांच्या टेबलाशी बसायचो.

त्या टेबलावर ते ब्रिटिश युद्धनौकांच्या स्कॅन केलेल्या जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर उतरवत. वारा, वायुभार, तापमान, दर चार तासांनी. पूर्वीचं हवामान अभ्यासणाऱ्यांना हे आकडे हवे असतात आणि ते काम स्वयंसेवक करतात. त्यात त्यांना हार्डविक नावाचा अधिकारी भेटला. पहिल्या महायुद्धात इराणच्या आखातातल्या गस्तीनौकेवर कोवळा सबलेफ्टनंट. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजावर. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांची राखण करणाऱ्या नौकेचा कप्तान. तीन वर्षं दामले त्याच्या सहीमागोमाग जात राहिले.

नात इरा वैतागायची. "आजोबा, जस्ट सर्च करा ना! दोन सेकंदांत कळेल तो वाचला का."

"तुझ्या सिनेमाचा शेवट मी आधी सांगतो का?"

"यू ऑलवेज डू!"

पुसट आकडा मी अंदाजानं सुचवला की मला ऐकावं लागे, "अहो, हे तुमचं वर्तमानपत्र नाही. दिसत नाही, तर लिहायचं नाही."

या हिवाळ्यात अटलांटिकमधल्या नौकेच्या वहीतलं एक पान आलं. दुपारी बाराच्या ओळीत आकडेच नव्हते. हार्डविकनं लिहिलं होतं: माणसं पाण्यातून काढत होतो, नोंद घेतली नाही. खाली सही. दामले म्हणाले, "आईला दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी तापमान बघितलंच नाही. दहाला कामावर आलो आणि आदल्या दिवसाचा आकडा बघून अंदाजानं भरलं. आई दुपारी गेली."

"कुणाला कळलं?"

"कळलं असतं तर बरं झालं असतं. अजून तो आकडा खरा म्हणून वापरतात हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारखेनिशी भारताच्या हवामान खात्याला मेल लिहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, आता कशाला? कुणी विचारलंय?"

"हार्डविकला तरी कुणी विचारलं होतं?"

त्यानंतर ते रोज सकाळी आधी मेल बघत, मग वही उघडत. पाच आठवडे उत्तर आलं नाही... आणि तो मंगळवार आला.

वहीची राहिलेली पानं इरानं उतरवली, काहीही सर्च न करता. युद्ध संपल्यावर नौका बंदरात लागली, त्या दिवशीची सही हार्डविकचीच आहे.

खात्याचं उत्तर दामले गेल्यावर नवव्या दिवशी आलं. त्या सकाळचं तापमान नोंदीतून काढलं आहे. रकाना रिकामा ठेवला आहे.