चेक भाषेतला एक शब्द

अमेरिकेतल्या चँडलर गावात, आमच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, एक चेक इंजिनिअर होता. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, टक्कल पडलेला, आणि आवाज असा की कँटीनच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. टेबलावर कुणी नवं येऊन बसलं की हा बाबा ट्रे बाजूला सारून एकच प्रश्न विचारायचा, "माझ्या देशाबद्दल तुला काय माहीत आहे, सांग."

लोक काय काय सांगायचे! बिअर तर ठरलेलीच. मग टेनिस. मग बर्फावरची हॉकी. एकानं विचारलं, "तिकडे सध्या युद्ध चालू आहे ना?" "ते चेचन्या," हा म्हणाला, "आम्ही चेक." एका बाईनं मोठ्या मायेनं सांगितलं की तिला रशियन लोक फार आवडतात. चेकोस्लोव्हाकिया म्हणणाऱ्याला तो म्हणायचा, "ते दुकान बंद झालं." सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि मग अर्धा दिवस कुणाशी धड बोलायचा नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बूट." आमच्या तालुक्याच्या गावात सगळ्यात चकचकीत दुकान बुटांचं होतं. त्या कंपनीचे काळे बूट घालून मी शाळेत गेलो आणि वयाच्या पंचविशीपर्यंत ती कंपनी अस्सल देशी आहे असं छातीठोकपणे सांगत होतो. ती मुळात त्यांची निघाली. हे ऐकून तो इतका हसला की डोळे पुसायला त्याला दोन नॅपकिन लागले. तेव्हापासून तो रोज माझ्या शेजारी जेवायला बसायला लागला.

समोर बसायचा माझा पुण्याचा मित्र. आमच्याच टीममध्ये होता. त्याच्याबद्दल आधीच सांगून टाकतो, माणूस लाख मोलाचा. मी अमेरिकेत नवा आलो तेव्हा मला ड्रायव्हिंग त्यानं शिकवलं, तापानं फणफणलो तेव्हा वहिनींनी पंधरा दिवस डबा पाठवला. त्याला माझी जात माहीत नव्हती. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे ऐकून काही कळायचं नाही. त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचा, यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

एका सकाळी फॅबमधला, म्हणजे चिप बनतात त्या धूळमुक्त खोलीतला, रोबोट अडकला. सिलिकॉनच्या चकत्यांचे डबे एका मशीनमधून काढून दुसऱ्या मशीनमध्ये ठेवणारा तो लोखंडी हात मध्येच थांबून राहिला. आम्ही तिघंही नखशिखांत पांढऱ्या सुटात, फक्त डोळे उघडे, त्याच्याकडे बघत उभे. मित्र वैतागून मराठीत म्हणाला, "या रोबोटनं आज सगळ्यांना वेठीस धरलंय यार."

जेवताना चेक म्हणाला, "रोबोट हा शब्द आमचा आहे, माहीत आहे? जगानं आमच्याकडून घेतलेला हा एकच शब्द, आणि तो कुणाचा हे कुणालाच माहीत नाही." मग त्यानं सांगितलं. 'रोबोता' म्हणजे सक्तीचं काम. त्याच्या आजोबांचे आजोबा आठवड्यातले ठरलेले दिवस जहागीरदाराच्या शेतावर राबायला जायचे. स्वतःचे बैल, स्वतःचं अवजार, मजुरी शून्य. नाही म्हटलं तर फटके. "तुमच्या भाषेत आहे असा शब्द?"

अहो, सकाळीच तो शब्द मित्राच्या तोंडून येऊन गेला होता, आणि त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं! वेठ. माझ्या आजोबांनी जन्मभर केली ती. गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, त्याची लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर न्यायचं, आणि त्याबद्दल दारोदार फिरून शिळे तुकडे मागून आणायचे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे.

मित्र संत्रं सोलत म्हणाला, "श्रमदान म्हणता येईल का रे?"

आणि मी म्हणालो, "हो, साधारण तसंच." चेकनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

श्रमदान! आजोबांनी ऐकलं असतं तर काठी घेऊन मागं लागले असते.

त्याच वर्षी दादा दोन महिन्यांसाठी आले. आई गेल्यावर ते एकटेच होते. सगळी नोकरी त्यांनी तार ऑफिसात काढलेली. लोकांच्या मरणाच्या, जन्माच्या, परीक्षेच्या तारा कट्‌ कडकट्‌ करत पाठवायच्या. मी लहान असताना सांगायचे, "लिहिलंय तेच पाठवायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही." ते येण्याआधी मी फोनवर त्यांना सांगून ठेवलं, "दादा, इथं भेटेल त्याला नमस्कार म्हणायचं. अमेरिकेत तेच सगळ्यांना कळतं." काय अक्कल! गोऱ्या माणसाला नमस्कार कळतो आणि आम्ही एकमेकांना भेटल्यावर जे दोन शब्द म्हणतो ते कळत नाहीत, असं मी तार मास्तरला पटवत होतो. मग ते "बरं" म्हणाले.

आमच्या घरांच्या भिंतींवर जे दोन फोटो असतात, ते दादांना माझ्या अपार्टमेंटमध्ये कपाटात शर्टांखाली सापडले. रुमालानं काचा पुसल्या आणि आपल्या खोलीत टेबलावर उभे करून ठेवले. मित्र आणि वहिनी आले की दादा हात जोडून नमस्कार म्हणायचे. त्याआधी अगदी किंचित थांबायचे. तेवढं थांबणं फक्त मला ऐकू यायचं. वहिनींना ते फार आवडले. "काका, थालीपीठ खाणार का?" म्हणत त्या गरम गरम घेऊन यायच्या, आणि दादाही पोटभर कौतुक करायचे. मग मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाईट माणसांपासून लपवलं असतं तर निदान काहीतरी कारण तरी सांगता आलं असतं!

दादा परत जाणार त्याच्या आदल्या रविवारी दुपारी मी मित्राला, वहिनींना आणि चेकला जेवायला बोलावलं. सकाळी दादांच्या खोलीत गेलो तर टेबल रिकामं. फोटो पुन्हा शर्टांखाली. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीच उचलले होते.

चेकनं घरी केलेला खसखशीचा केक आणला. दादांनी तुकडा तोंडात टाकला आणि खूश होऊन मला म्हणाले, "अरे, अनारशाची आठवण आली." मी ते इंग्रजीत सांगितलं. चेकनं खुर्ची पुढं ओढली आणि त्याचा नेहमीचा प्रश्न दादांना विचारला, माझ्या देशाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

दादांनी जरा विचार केला. "काहीच नाही," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. चेकनं काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नाही." आणि तो बोलायला लागला. रशियन रणगाडे आले तेव्हा तो तरुण होता, सीमा ओलांडून पळाला तो पळालाच, आईच्या मातीला जाता आलं नाही. बोलता बोलता गाडी रोबोतावर आली. मी भाषांतर करत होतो आणि मला पुढं काय येणार ते दिसत होतं. आलंच ते. "तुमच्या भाषेत आहे असा शब्द?"

मित्र एकदम उत्साहानं म्हणाला, "अरे, आहे की! त्या दिवशी सुचलंच नाही बघ. वेठबिगार! पण ते तिकडे, बिहारमध्ये वगैरे." मग दादांकडे वळून अगदी सहज विचारलं, "काय काका, आपल्याकडे नव्हतं ना तसलं काही?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. परवानगी मागितल्यासारखं. आपल्या बापाची गोष्ट सांगायला माझा बाप मला परवानगी मागत होता, माझ्याच घरात.

"नव्हतं," मी म्हणालो. "दादांना काय विचारतोस, ते तर तार ऑफिसात होते."

दादांनी ताटातला भात नीट गोळा केला, खाल्ला आणि उठून हात धुवायला गेले. चेकही आपली प्लेट घेऊन त्यांच्या मागं स्वयंपाकघरात गेला. वहिनींनी लोणच्याची रेसिपी काढली. मी ती इतकं मन लावून ऐकली की मला आजही पाठ आहे. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

सोमवारी कँटीनमध्ये मित्र यायच्या आधी चेक म्हणाला, "तुझे वडील इंग्रजी तारेसारखं बोलतात. एक शब्द जास्त नाही." मग त्यानं माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "वेट." त्याला ठ जमत नव्हता. "फादर, व्हिलेज सर्व्हंट, नो वेजेस. असं म्हणाले. डेड कॅटल, म्हणाले. मी विचारलं, तुमचा मुलगा श्रमदान म्हणाला ते हेच का? तर म्हणाले, नो. माय सन नोज."

मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही. पण तो स्वतःचंच सांगायला लागला. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. कम्युनिस्ट सरकार आलं, गिरणी जप्त झाली, आणि मालकांच्या मुलांना कॉलेजची दारं बंद झाली. प्रवेशाच्या वेळी पाच जण समोर बसले होते, त्यांनी विचारलं, वडील काय करतात? हा म्हणाला, गिरणीत हमाल आहेत. घरी जाऊन सांगितलं तर वडील म्हणाले, "बरोबर केलंस." आणि त्या दिवसापासून ते अंगणातसुद्धा त्याच्याबरोबर उभे राहीनासे झाले. कुणी पाहू नये म्हणून.

"हे आमच्याबद्दल परदेशातल्या कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "बिअर माहीत आहे." मग त्यानं विचारलं, "मला पोलिसांची भीती होती. तुला कुणाची आहे?"

तेवढ्यात मित्र ट्रे घेऊन आला. माझ्यासाठी ताक घेऊन आला होता, वहिनींनी दिलेलं. "पी रे," म्हणाला, "काल तुझा चेहरा उतरला होता. काका जाणार म्हणून ना?"

"हो," मी म्हणालो. चेक माझ्याकडे बघत राहिला. त्यानं मित्राला काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. पण त्यानंतर नव्या माणसाला तो प्रश्न विचारताना त्याची नजर आधी माझ्याकडे यायची, आणि मी ताटात बघायचो.

ते चार दिवस मी दादांच्या बोलण्याची वाट पाहत राहिलो. त्यांनी खरडपट्टी काढावी, दोन शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं वाटत होतं. त्यांनी मला सामानाचं वजन विचारलं. संध्याकाळी आम्ही कापसाच्या शेतांच्या कडेनं फिरायला जायचो. तेव्हा चँडलरला घरांच्या मध्ये मध्ये कापूस असायचा. दादांनी विचारलं, "हा वेचतं कोण?" मी म्हणालो, "मशीन." "बरं आहे," ते म्हणाले. एवढंच बोलणं. मी दहा वेळा "दादा, परवा ते..." म्हणून सुरुवात केली आणि दहाही वेळा पुढं विमानाची वेळ सांगितली.

विमानतळावर सोडायला मित्र आणि वहिनीही आले. त्या काळी थेट गेटपर्यंत जाता यायचं. वहिनींनी दादांच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि वाकून पाया पडल्या. दादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बोर्डिंग सुरू झालं.

मी ठरवून आलो होतो. दादा नेहमी माझा निरोप घेताना ते दोन शब्द म्हणतात, मी कॉलेजला गेलो तेव्हापासून. आज ते म्हणाले की मीही म्हणायचं, मोठ्यानं, मित्रासमोर, मग जे व्हायचं ते होवो. आधी त्यांनी म्हणायचं हेही मीच ठरवलेलं. तेवढंही ओझं मी त्यांच्याच डोक्यावर दिलं होतं.

दादा माझ्यासमोर आले. पिशवी खाली ठेवली. माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. मित्राकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किंचित थांबले. मग दोन्ही हात जोडून मला, आपल्या पोटच्या पोराला, म्हणाले, "नमस्कार."

आणि मीही हात जोडले.